कॅमेरा घरात आला, फोटो कुठे गेले?



यंदा कॉलेजला सुट्टी लागली तशी आमची भाची पुण्याहून राहुरीला आली. पिशवी खाली ठेवली, तांब्याभर पाणी प्यायली आणि पहिला प्रश्न केला, "मामा, तुमचा तो जुना डिजिटल कॅमेरा आहे का अजून? भंगारात तर नाही ना दिला?"

आम्हाला वाटले, पोरगी थट्टा करते आहे. तिच्या हातातल्या मोबाईलला मागच्या बाजूने तीन डोळे. त्यातून रात्रीचा चंद्रसुद्धा निघतो म्हणे. मग हा वीस वर्षांपूर्वीचा साबणाच्या वडीएवढा डबा कशाला हवा? तर म्हणाली, "मामा, हल्ली कॉलेजात सगळे हेच जुने कॅमेरे शोधतात. यातल्या फोटोला एक वेगळाच रंग येतो. आणि फोटो काढताना कोणाचा फोन येत नाही."

हे शेवटचे मात्र आम्हाला पटले.

तेव्हा ठरवले की या खेपेला आपल्या घराघरांत येऊन गेलेल्या त्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याविषयीच लिहावे. त्याचे दिवस थोडेच होते. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे पाहिले तर २०१० साली त्यांच्या कंपन्यांनी असे खिशात मावणारे कॅमेरे जगभर १० कोटींहून जास्त पाठवले. २०२३ साली तोच आकडा २० लाखांच्याही आत आला. मोबाईलने त्याला गिळले. पण त्या आठ-दहा वर्षांत आपल्या वस्त्यांतून जे काही घडले, लग्ने झाली, पोरे झाली, म्हातारी माणसे गेली, त्याची साक्ष याच डब्यात होती. ती साक्ष आज कुठे आहे, हा आमचा प्रश्न आहे. आणि त्यात एक आमचा गुन्हाही आहे, तोही सांगून टाकणार आहोत.

आधी थोडे मागे जाऊ. आमच्या आजोबांचा फोटो नाही. एकही नाही. आजीचा आहे, पण तो तिने हौसेने काढलेला नव्हे. १९९३ साली निवडणूक आयोगाने मतदार ओळखपत्रे काढायचे ठरवले आणि पुढे गावोगाव शाळेच्या व्हरांड्यात रांगा लावून फोटो काढले गेले. आजी त्या रांगेत उभी राहिली. डोक्यावर पदर, भुवया वर चढलेल्या, जसे काही कोणी दरडावले आहे. आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा तो पहिला फोटो, आणि शेवटचाही.

ज्यांच्याकडे थोडे पैसे होते ते राहुरीच्या स्टुडिओत जात. मागे पडद्यावर रंगवलेला बंगला, नाहीतर कमळाचे तळे. कॅमेरा दुसऱ्याचा, पडदा दुसऱ्याचा, कोट दुसऱ्याचा, कंगवासुद्धा दुसऱ्याचा. आपला फक्त चेहरा. पुढे कोणाकडे हॉटशॉट आला, कोणाकडे कोडॅक केबी-१० आला. छत्तीसचा रोल असे. नशीब असेल तर सदतीसावा, अडतीसावा फोटोही निघे आणि त्याचा घरभर आनंद होई. पण रोल, धुलाई, प्रिंट हे सगळे मिळून जो खर्च होई त्यामुळे एकच रोल भीमजयंतीपासून पुढच्या वर्षीच्या लग्नसराईपर्यंत पुरवला जाई. धुवून आला की त्यात चार ऋतू असत.

कॅमेरा कोणाच्या हातात आहे याला महत्त्व असते हे आपल्या समाजाला सांगायला नको. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. तिचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकरांनी पदरचे पैसे घालून केले, म्हणून तो जनसागर आज आपल्या पोरांना डोळ्यांनी दिसतो. दुसऱ्या कोणाची वाट पाहत बसले असते तर?

असो. आमच्या घरात डिजिटल कॅमेरा आला तो २००६ च्या उन्हाळ्यात. आमचे मेहुणे मुंबईला नोकरीला. त्यांनी स्वतःसाठी नवा घेतला आणि हा आम्हाला दिला. ५ मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सबंध वस्तीत तेवढा एकच. त्यामुळे तो आमचा कमी आणि वस्तीचा जास्त होता. नामकरण असो, मंगल परिणय असो, पुण्यानुमोदन असो, कोणीतरी दारात येऊन म्हणे, "दादा, तेवढा कॅमेरा घेऊन या."

तेव्हा जो तो विचारी, "किती मेगापिक्सेल?" जसे काही ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा. यातले गणित आम्हाला पुढे कळले ते सांगून ठेवतो. आपण नेहमी काढतो तो ४ बाय ६ इंचांचा प्रिंट. इंचाला ३०० ठिपके धरले तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके. म्हणजे चांगल्या प्रिंटला २ मेगापिक्सेल थोडेसे वर एवढेच पुरते. बाकीचे सगळे दुकानदाराच्या बोलण्यात. त्याहून जुनी गंमत अशी की अमेरिकेत कोडॅक कंपनीतच स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, ठिपके फक्त १० हजार, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. ज्या कंपनीच्या घरात हे बाळ जन्मले तिचा जीव रोलच्या धंद्यात. २०१२ च्या जानेवारीत तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

आता वस्तीतल्या अनुभवांकडे वळू.

पहिली तक्रार सगळ्यांची एकच. बटण दाबले की फोटो लगेच निघत नसे. पोरगे हसले म्हणून बटण दाबावे तर फोटोत पोराची पाठ. मेणबत्ती लावताना दाबावे तर फोटोत विझलेली काडी. कॅमेरा आधी अंतर जुळवत बसे, मग फोटो घेई. बटण अर्धे दाबून धरायचे, हिरवा चौकोन आला की मग पूर्ण दाबायचे, ही युक्ती आम्हाला दोन लग्ने वाया गेल्यावर कळली. ज्यांची ती लग्ने होती त्यांची आम्ही अजून नजर चुकवतो.

दुसरी तक्रार बायकांची. "आमचे तोंड काळे का येते?" ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १४ एप्रिलला आपल्या आयाबहिणी पांढऱ्याशुभ्र साड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यात. या कॅमेऱ्याची अक्कल अशी की समोर जे दिसेल ते सगळे मिळून मध्यम करड्या रंगाचे असणार असे तो धरून चालतो. समोर सगळे पांढरेच पांढरे आले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो उजेड कमी करतो. साडी करडी होते आणि सावळा चेहरा काळाठिक्कर पडतो. मग स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर चेहऱ्याला चुना लावून देतो. आमच्या एका वहिनी तर आपल्याच फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही कोण भटकभवानी?" उपाय साधा होता. कॅमेऱ्यात अधिक-उण्याचे एक चिन्ह असते. पांढरे कपडे असले की ते अधिकच्या बाजूला दोन घरे सरकवायचे. वहिनींचा चेहरा वहिनींसारखा येतो.

रंगाचा हा भेद रोलच्या काळापासूनचा आहे. प्रिंट काढणाऱ्या यंत्राचे रंग जुळवायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-फोटो पाठवी. त्यात गोरी बाई. तिला शर्ली म्हणत. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर. काळ्यासावळ्या माणसांची तक्रार वर्षानुवर्षे होतीच. पण चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या कंपन्यांनी ओरड केली, की आमच्या मालातल्या तपकिरी छटा फोटोत उतरत नाहीत, तेव्हा कुठे सुधारणेला जोर आला. हे कोडॅकमध्ये काम केलेल्या मंडळींनीच पुढे सांगितलेले आहे. माणसाच्या तोंडापेक्षा कपाटाचे तोंड आधी उजळले म्हणायचे.

तिसरा अनुभव तारखेचा. सेल काढून ठेवले की काही दिवसांनी कॅमेऱ्यातले घड्याळ बंद पडे. पुन्हा सेल घातले की तो स्वतःच्या मनाने एक जुनी तारीख धरी. आमचा १-१-२००४ धरायचा. आम्ही ते बदलायचा कंटाळा करायचो. फोटोच्या कोपऱ्यात ती नारिंगी तारीख उमटायची, लोक हसायचे. एकदा मात्र हसू आले नाही. वस्तीतली गटार तुंबून विहिराच्या पायरीपर्यंत पाणी आले होते. महिला मंडळाच्या भगिनींनी आमच्याकडून फोटो काढून घेतले, प्रिंट काढले, अर्जाला जोडले आणि एका कार्यालयात नेऊन दिले. तिथल्या साहेबांनी फोटो पाहिला, कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि म्हणाले, "बाई, हा तर जुना फोटो आहे. आता काय आहे तिथे?" कृषी विद्यापीठात मजुरीला जाणाऱ्या त्या भगिनी, एका दिवसाचा रोज बुडवून गेलेल्या. तशाच परत आल्या. त्या दिवसापासून आम्ही सेल घातले की आधी तारीख लावतो, मग फोटो.

आता मुख्य गोष्ट.

ऑक्टोबर २००६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव होता. आमच्या वस्तीतून दोन ट्रॅक्स निघाल्या. आई बरोबर होती. तिने दीक्षाभूमी तोवर कॅलेंडरवरच पाहिलेली. कॅमेऱ्यात १२८ एमबीचे कार्ड होते. डब्यातून आलेले मूळ कार्ड १६ एमबीचे, त्यात मोठ्या आकाराचे पाच-सहाच फोटो बसत, म्हणून हे दुसरे घेतलेले. पण निघायच्या पंधरा दिवस आधी शेजारच्या तात्यांचा निवृत्तीचा समारंभ झाला होता. तात्या साखर कारखान्यात बत्तीस वर्षे होते. हार, नारळ, शाल, गेटवर सगळ्या पाळीच्या माणसांनी मिळून काढलेला फोटो, असे आठ फोटो आमच्या कार्डात होते. प्रिंट टाकायचे, टाकायचे म्हणून राहून गेलेले. भारनियमनाचे दिवस होते. आम्ही मोकळे असलो की स्टुडिओत वीज नाही, वीज असली की आम्ही कामावर.

वाटेत जालन्याच्या पुढे सेल संपले. टपरीवर रेडिओत घालायचे साधे सेल मिळाले, तेच घेतले. नागपुरात पोहोचल्यावर कॅमेरा सुरू केला, भिंग बाहेर आले, दोन फोटो निघाले आणि कॅमेरा मेला. पुन्हा नवे सेल. पुन्हा तीन फोटो. आम्ही दुकानदाराला शिव्या घातल्या, पण त्याचा दोष नव्हता. भिंग हलवायला, पडदा उजळायला, फ्लॅश भरायला कॅमेऱ्याला एकदम जोराचा प्रवाह लागतो. साध्या सेलला तेवढा दम नसतो. अल्कलाइन नाहीतर चार्जिंगचे सेल लागतात. आमचे ते मेलेले सेल घरी आल्यावर भिंतीवरच्या घड्याळात घातले, तर सहा महिने चालले.

कसेबसे चांगले सेल मिळवले. आई स्तूपासमोर उभी राहिली. आणि पडद्यावर अक्षरे आली की कार्ड भरले. मागे माणसांची रेटारेटी, आई उन्हात, धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, मागचे काहीतरी उडव." आम्ही मागे गेलो. तात्यांचे आठ फोटो. एकेक करून उडवले. मनात म्हटले, तात्या शेजारीच तर आहेत. गावी गेल्यावर पुन्हा हार घालू आणि पुन्हा काढू.

रोलच्या कॅमेऱ्यात ही सोय नव्हती. फोटो वाईट आला तरी तो राहायचा. इथे एका बोटाने माणूस पुसता येत होता.

गावी आल्यावर तात्यांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "जाऊ द्या हो, दीक्षाभूमीसाठी गेले ना? मग बरे झाले." मावशी मात्र काही बोलल्या नाहीत. पुन्हा हार घालणे राहिले ते राहिलेच. २०११ साली तात्या गेले. पुण्यानुमोदनाला फोटो हवा म्हणून घर धुंडाळले. लग्नातला एक फोटो पावसात भिजून कागदाला चिकटलेला. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा बोटाच्या पेराएवढा फोटो मोठा करून आणला. मोठा केल्यावर त्यात तात्या कमी आणि ठिपके जास्त. मावशींनी तो फ्रेममध्ये लावला आणि आमच्याकडे एकदा पाहिले. चौदा वर्षे आम्ही ते पाहणे विसरलेलो नाही.

आता भाचीच्या कॅमेऱ्याकडे परत. ट्रंकेतून बिस्किटाचा डबा काढला. कॅमेऱ्यात सेल तसेच राहिलेले, त्यांच्या तोंडाला पांढरी बुरशी आल्यासारखी. भाचीने कान कोरायच्या काडीला कापूस गुंडाळला, लिंबाच्या रसात बुडवला, ते पांढरे पुसून काढले आणि कोरड्या कापसाने पुन्हा पुसले. नवे सेल घातले. भिंग कुरकुरत बाहेर आले. पडद्यावर १-१-२००४. सवयीचा माणूस भेटावा तसे वाटले.

डब्यात तेच १२८ एमबीचे कार्ड होते. नागपूरहून आल्यावर आम्ही चिडून मोठे कार्ड घेतले होते आणि हे डब्यात टाकले होते. त्यात आईचा स्तूपासमोरचा फोटो निघाला. आई आता नाही. फोटोत तिचा डावा खांदा कापला गेला आहे आणि मागून एक मनुष्य तोंड घालतो आहे, पण आई आहे. आणि त्याच्या पुढेमागे स्तूपाचे चार फोटो, चारही सारखे. ज्यांच्यासाठी तात्या उडवले ते हे.

आम्ही भाचीला ती सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मामा, त्यानंतर या कार्डावर फोटो काढले होते का?" आम्ही म्हटले, नागपुरात तेवढेच पाच. मग ती म्हणाली, "थांबा."

तिने जे समजावले ते आपल्या सर्वांच्या कामाचे आहे. फोटो डिलीट केला म्हणजे तो कार्डावरून पुसला जातो असे नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते ना, तिच्यातली ओळ फक्त खोडली जाते. पान आत तसेच असते. त्या पानावर नवे काही लिहिले गेले की मग जुने जाते. म्हणून चुकून फोटो उडाले तर पहिली गोष्ट ही की त्या कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नाही. कार्ड बाहेर काढून ठेवायचे. फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, तो कार्ड पानन् पान चाळतो आणि सापडेल ते बाहेर काढतो. हे २००६ साली कोणी सांगितले असते तर गावी आल्यावर निदान तीन फोटो हाती लागले असते.

भाचीने लॅपटॉपला कार्ड लावले. आम्ही चहा ठेवला. चहा उकळून आटला तरी ते चालूच होते. शेवटी काही चित्रे निघाली. एकात नुसता नारळ आणि कोणाचे तरी हात. एकात कारखान्याच्या गेटवरची माणसे, पण सगळी हललेली, आम्हीच काढलेली. आणि एकात तात्या. डोक्यावर टोपी, गळ्यात हार, तोंड किंचित उघडे, काहीतरी सांगत आहेत. छातीच्या खाली फोटो नाही. तिथून पुढे सगळा करडा पट्टा. त्या भागावर स्तूप बसलेला असावा.

आम्ही किती वेळ ते बघत होतो कोण जाणे.

या निमित्ताने वस्तीत आणि पाहुण्यारावळ्यांत आम्ही विचारपूस केली. तुमच्याकडे होता का तसा कॅमेरा? फोटो कुठे आहेत? देवळाली प्रवरेच्या एका पाहुण्यांकडे कार्ड आहे, पण ते एक्सडी नावाच्या जातीचे. ती जात आता निघत नाही आणि ते वाचायचे साधन राहुरीच्या बाजारात मिळाले नाही. वांबोरीच्या एका भगिनीने लग्नाचे सगळे फोटो सीडीवर करून घेतले. सीडी जपून ठेवली आहे, पण घरात सीडी चालवायला काही उरले नाही, आणि एकाकडे नेली तर ती वाचलीच जाईना. एकांनी फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर ठेवले होते, तो कॉम्प्युटर बदलला. एकांचे पेनड्राइव्हवर होते, व्हायरसने फोल्डर दिसेनासे झाले, ते रिकामे समजून यांनी पेनड्राइव्ह साफ करून घेतला. अशा व्हायरसात फोटो बहुधा नुसते लपवलेले असत, गेलेले नसत. आणि एका काकांनी सांगितले, "आमचे सगळे आहेत." आम्ही चकित झालो. त्यांनी अल्बम काढून दाखवला. दरवर्षी जयंती झाली की दहा फोटो निवडायचे आणि प्रिंट काढायचे, मागे पेनने नावे लिहायची. काकांना कॅमेरा वापरता येत नाही, आजही नाही. पोराकडून काढून घ्यायचे आणि हुकूम सोडायचा.

तेव्हा ज्यांच्या घरी असा डबा पडून आहे त्यांनी तो भंगारात देण्याआधी आतले कार्ड बघावे. सेल फुगले, गळले असतील तर आधी ते काढावेत. कार्ड कॉम्प्युटरला लावून आहे ते सगळे दोन जागी उतरवून घ्यावे. एक आपल्या घरी, एक लेकीच्या नाहीतर भावाच्या. आणि पोरेबाळे हौसेने जुना कॅमेरा विकत घ्यायला निघाली असतील तर त्यांना सांगावे की चार्जर आणि कार्ड बरोबर आहे का ते पाहा, दुकानातच दोन फोटो काढून बघा. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या काही कॅमेऱ्यांतला फोटो टिपणारा भाग उष्ण आणि दमट हवेत बिघडतो हे जपानी कंपन्यांनी २००५ साली स्वतःच जाहीर केले होते. फोटोत जांभळ्या रेघा किंवा नुसता काळोख दिसला तर तो कॅमेरा स्वस्तातही घेऊ नये. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर उत्तम, कारण विशिष्ट बॅटरीचे कॅमेरे बॅटरी गेली की संपले.

तात्यांचा तो अर्धा फोटो आम्ही स्टुडिओत नेला. तिथल्या पोराने खालचा करडा भाग कापला आणि ४ बाय ६ चा प्रिंट दिला. चेहरा गोरा करू का म्हणून विचारत होता. आम्ही नको म्हटले.

संध्याकाळी भाचीला घेऊन मावशींकडे गेलो. मावशी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. फोटो हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ घेतला, पदराने पुसला. आम्हाला वाटले आता रडतील. त्या म्हणाल्या, "दाढी केली नव्हती त्या दिशी. किती सांगितलं होतं." मग पुन्हा बघत राहिल्या.

मागे तारीख लिहायची होती. फोटोतली तारीख खोटी, ती धरून चालणार नव्हते. मावशींनी घरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले तात्यांचे निवृत्तीचे पत्र काढले. त्यावर ३० सप्टेंबर २००६. भाचीने तीच फोटोमागे लिहिली, खाली नाव लिहिले.

आम्ही विचारले, "मावशी, आणखी काढून आणू का?"

"दोन आणा," त्या म्हणाल्या. "एक माझ्याकडं, एक ह्या पोरीकडं. तुमच्याकडं नको."